बाळंतिणीची दोरी

"आणखी दोनदा पाणी बदल," सासूबाई म्हणाल्या. "वाळू राहिली तर तिच्या दाताखाली येईल."

मी अंगणातल्या नळाखाली उकिडवी बसून समुद्री शेवाळ धूत होते. सुकलेलं असताना मूठभर दिसणारं ते शेवाळ पाण्यात पडलं की घमेलंभर होतं. काळपट हिरवं, गिळगिळीत, हातातून सुळकन निसटणारं. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू देतात, तसं कोरियात ह्या शेवाळाचं सूप देतात. नोव्हेंबर संपत आला होता, डोंगरावरचं वारं अंगणात घुसत होतं आणि नळाच्या पाण्यानं माझी बोटं लालभडक झाली होती.

बाळंतीण आमच्या घरातली असती तर मी बोटांची पर्वा केली नसती. पण बाळंत झाली होती ती भिंतीपलीकडच्या पेक आजोबांची सून, थाओ. चूल आमची, तिळाचं तेल आमचं, सुके शिंपले आमचे, शेवाळ धुणारी मी आणि सूप पिणारी ती.

"पातेलं मी नेऊ का?" मी विचारलं. "जड आहे."

"नको."

"त्यांच्या दारापर्यंत तरी?"

"तू नको म्हटलं ना. तू इथेच थांब."

कमरेतून वाकलेल्या सासूबाईंनी पातेलं कापडात बांधलं, आपल्या ढकलगाडीत ठेवलं आणि त्या निघाल्या. एरवी गुडघे दुखतात म्हणून परसातल्या कोबीपर्यंत न जाणारी ही बाई थाओकडे जाताना कशी तुरुतुरु जायची. मी घमेलं उपडं केलं आणि गटारातून वाहत जाणारं गढूळ पाणी बघत बसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मी शिरूरची, प्रणिता. रांजणगावच्या एका कोरियन कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला होते. दोंगुक तिथे मशीन बसवायला आला, दोन वर्षं राहिला, मिसळ खायला शिकला आणि जाताना मला घेऊन गेला. लग्नानंतर वर्षभरातच त्याचे वडील वारले. सफरचंदाची बाग बघायला कुणी नव्हतं, म्हणून आम्ही शहर सोडून त्याच्या गावी आलो. वीस-बावीस घरांचं डोंगरातलं गाव, त्यात निम्मी घरं बंद. उरलेल्यांत सगळी म्हातारी माणसं. तरण्या सुना दोनच, मी आणि थाओ, आणि दोघीही बाहेरदेशच्या.

सासूबाईंनी मला कधी त्रास दिला नाही, हे आधी सांगते. माहेरी फोनवर विचारत, "सासू कशी आहे गं?" तेव्हा "चांगली आहे" हेच मी खरं खरं सांगत असे. पण चांगली असणं वेगळं आणि आपली असणं वेगळं. त्या मला काम शिकवत, थंडीत लोकरी मोजे आणून देत, आणि त्यापलीकडे गप्प बसत. माझ्या मनात एकच होतं, ह्या बाईनं मला आपली म्हणावं. परक्या मुलखात मला दुसरं होतंच कोण? त्यासाठी मी मिरच्या तोडल्या, लसूण लावला, दिवाळी विसरून त्यांच्या पितरांची ताटं मांडली. आणि ते जे मला एवढं करून मिळालं नाही, ते थाओनं नुसतं बाळंत होऊन मिळवलं.

थाओला सासू नव्हती. नवरा ट्रकवर, आठवड्यातून एकदा घरी यायचा. पेक आजोबांना भात लावण्यापलीकडे काही येत नसे. म्हणून सासूबाईंनी तिचं बाळंतपण अंगावर घेतलं. बाळ हॉस्पिटलमधून घरी आलं त्या दिवशी त्यांनी ओसरीवर बसून भाताच्या पेंढ्याची दोरी वळली. आपण वळतो त्याच्या उलट, डाव्या अंगाला. तिच्यात लाल मिरच्या आणि कोळशाचे तुकडे खोवले आणि ती थाओच्या फाटकावर आडवी बांधली.

"हे आता कुणी करत नाही," दोंगुक मला म्हणाला. "मी लहान असताना बघितलं होतं. दोरी असेपर्यंत परक्यानं आत जायचं नाही. तीन आठवडे."

"आणि ओमोनी जातात ते?" ओमोनी म्हणजे आई. सासूबाईंना मी तसंच म्हणत असे.

"ती सूप घेऊन जाते ना."

"आणि मी?"

तो म्हणाला, "आईला विचार." मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, मला कळलं होतं.

माझी एक मावशी होती, कुंदामावशी. तिला मूलबाळ नव्हतं. घरात बारसं असलं की तिला कुणी येऊ नको म्हणत नसे, पण पाळण्याला बायका जमल्या की नेमकं तिला स्वयंपाकघरात काम निघायचं. कुणी म्हणे, दूध उतू जाईल बघ. कुणी म्हणे, पानं पुसून ठेव. मावशी पानं पुसत बसायची. लहान असताना मला वाटे, मावशीला कामाची फार हौस आहे.

आता शेवाळ पुसत, म्हणजे धूत, मी बसले होते. लग्नाला चौथं वर्ष होतं आणि माझी कूस रिकामी होती. खरं तर वसंतात दिवस राहिले होते. तिसऱ्या महिन्यातच गेले. ते मला आणि दोंगुकला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंना पोटाचं दुखणं सांगितलं होतं आणि पाचव्या दिवशी मी सफरचंदाची फुलं विरळ करायला शिडीवर चढले होते. त्यामुळे सासूबाईंच्या लेखी मी नुसती वांझ. वांझेची नजर बाळावर पडू नये म्हणून दोरी, आणि दोरीच्या अलीकडे मी. दोन्ही देशांत माणसं सारखीच, असं म्हणून मी दात आवळून घेतले.

रोज रात्री जेवताना थाओचं पुराण सुरू व्हायचं.

"नाक पेकवर गेलंय," सासूबाई सांगायच्या. "आणि ओरडतो केवढा! मी म्हटलं, हा गावचा सरपंच होणार, लाऊडस्पीकर नकोच ह्याला."

दोंगुक हसायचा. मी लोणच्याचा कोबी कापायची.

"थाओ आज दोन वाडगे प्यायली. मी मासा सोलून तिच्या चमच्यावर ठेवला तर रडायला लागली. म्हणाली, माझी आई असं करायची."

हे ऐकून तर मी हातातला घास तसाच खाली ठेवला. सासूबाईंनी चार वर्षांत माझ्या चमच्यावर कधी मासा ठेवला नव्हता. मी काही रडले नसते, पण ठेवून तर बघायचं.

तीन आठवडे संपायच्या आदल्या दिवशी त्या खुशीत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी काढायची, आणि थाओ बाळाला घेऊन पहिल्यांदा बाहेर पडणार ती थेट आमच्याकडे. त्यासाठी तांदूळ भिजत घातले होते. पहाटेच्या बसनं बाजारगावातल्या गिरणीत जाऊन त्या तांदळाच्या पांढऱ्या वड्या उकडून आणणार होत्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तर मीही थांबले असते. पण दुपारी त्यांनी आपलं जुनं कपाट उघडलं आणि तळातून एक छोटंसं रेशमी पांघरूण काढलं. पिवळं, काठाला लाल, आत नवा कापूस. मी ते लग्न होऊन आले तेव्हाच बघितलं होतं. दोंगुकच्या पहिल्या मुलासाठी शिवून ठेवलेलं. त्यांनी ते अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकलं आणि हातानं झटकलं.

"हे कुणाला?" मी विचारलं, जसं काही मला कळलंच नव्हतं.

"थाओच्या बाळाला. कपाटात पडून कसर लागेल."

मी आत गेले आणि कढईत उगाच पाणी तापवत उभी राहिले. माझ्या मुलाचं पांघरूण. जन्मलं नाही म्हणून काय झालं, माझ्याच मुलाचं ना? ती बाई उठते आणि ते शेजाऱ्याच्या पोराला देते. मला थाओचा इतका राग आला की ती समोर असती तर मी काय बोलले असते कोण जाणे. त्या बिचारीनं काही मागितलं नव्हतं, हे कळत होतं. पण न मागता मिळतं त्याचाच तर जास्त जळफळाट होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई बसनं गेल्या. दोंगुक बागेत झाडांच्या बुंध्यांना पेंढा गुंडाळायला गेला. मी एकटी घरात. थाओ दहाच्या सुमारास येणार होती.

आमच्या शिरूरच्या दुकानाला आई दर शनिवारी कोळशाचा तुकडा लावून लिंबू-मिरची बांधायची. दृष्ट लागू नये म्हणून. थाओच्या फाटकावरच्या मिरच्या आणि कोळसे बघून मला पहिल्याच दिवशी तिची आठवण झाली होती. दोन्हीकडे मिरची, दोन्हीकडे कोळसा, म्हणजे काम एकच, नजर अडवायची. ठीक आहे. माझी नजर अडवायला तुम्ही दोरी बांधता, तर तुमची नजर अडवायला मीही बांधते. माझ्या सासूवर, माझ्या घरावर, माझ्या पांघरुणावर तुझी नजर आहे, थाओबाई. तू आधी ही ओलांड आणि मग ये.

फ्रीजमध्ये एक लिंबू होतं. तिकडे लिंबू परदेशातून येतं आणि केवढ्याला तरी पडतं, पण ते मी बिनदिक्कत टोचलं. हिरव्या मिरच्यांचा हंगाम संपला होता, तेव्हा ओसरीवर टांगलेल्या माळेतल्या लाल घेतल्या. सोया सॉसच्या रांजणांपाशी कोळसा असायचा, त्यातला एक तुकडा घेतला. काळा दोरा सापडेना. तर थाओसाठी वळलेल्या दोरीचा उरलेला तुकडा ओसरीच्या कोपऱ्यात पडलेला दिसला. म्हटलं, हाच बरा. तिचीच दोरी, तिलाच आडवी. सगळं ओवून मी फाटकाच्या चौकटीवर मधोमध बांधलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभी राहिले.

थाओ आली. नव्या कोटात, बाळाला छातीशी गुंडाळून, चेहरा धुतलेल्या ताटलीसारखा लख्ख. पुढे पेक आजोबा, टोपी घालून. आजोबा फाटकाशी आले आणि एकदम थांबले. त्यांनी वर बघितलं, मग घराकडे बघितलं. मग टोपी काढली.

"चल," ते थाओला म्हणाले. "परत चल."

"का? ओमोनींनी बोलावलंय."

"दोरी आहे. आत जायचं नाही."

"कुणाची?"

आजोबांनी दंड धरून तिला वळवलं आणि परत नेलं. जाताना थाओनं दोनदा मागे वळून बघितलं. मी खिडकीच्या आत होते, तिला दिसले नसेन. कुणाला खोटं सांगू, मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला त्या गावात कधीच वाटलं नव्हतं. मी स्वतःसाठी चहा केला, दूध-साखर घालून, आलं किसून, आणि पाय पसरून प्यायले.

गिरणीत उशीर झाला, म्हणून सासूबाई दुपारच्या बसनं आल्या. ढकलगाडीची चाकं फाटकाशी थांबल्याचं मला आतून ऐकू आलं. मी काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. आमच्याकडची पद्धत आहे, घराला दृष्ट लागू नये म्हणून करतात, मला काय माहीत तुमच्याकडे चालत नाही. निरागस तोंड करून मी बाहेर आले.

त्या दोरीखाली उभ्या होत्या. गाडीतल्या वड्यांच्या वाफेनं कापड ओलं झालं होतं.

"हे तू बांधलंस?"

"हो."

"थाओ येऊन गेली?"

"आजोबांनी तिला परत नेलं."

त्यांनी पुन्हा वर बघितलं. त्या ओरडतील म्हणून मी तयार होते. त्यांनी हळूच विचारलं, "मुलगा होता?"

"कोण मुलगा?"

"मिरच्या लावल्यास म्हणून विचारते. मुलगा झाला की मिरच्या लावतात. मुलगी झाली तर पाइनच्या डहाळ्या." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मिरच्यांकडेच बघत होत्या. "डॉक्टरनं सांगितलं होतं का? इतक्या लवकर कळतं का हल्ली?"

मला आधी काहीच उमजेना. आणि मग उमजलं. नजरेची दोरी नव्हतीच ती. बाळ जन्मलं की बांधायची दोरी होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी कशाला सांगायला हवं? वसंतात तू पलंगावरची चादर धुवून वाळत घातलीस. गादी कुणी धुतली? मी धुतली. मीही दोन घालवलेत, प्रणिता." माझं नाव त्यांना कधी नीट घेता येत नसे, त्या दिवशी त्यांनी तुकडे तुकडे करून ते पूर्ण घेतलं. "दोंगुक म्हणाला, तिला सांगू नको तुला कळलंय म्हणून, तिला लाज वाटते. म्हणून मी गप्प बसले. पाचव्या दिवशी तू शिडीवर चढलीस आणि मी खालून बघत राहिले. खाली उतर म्हणायचं होतं. म्हटलं नाही."

"मग मला थाओकडे का येऊ दिलं नाहीत?"

"दुसरीचं बाळ तुला दाखवायला नेऊ? रोज?" त्या जरा चिडल्याच. "शेवाळसुद्धा तुला धुवायला लावायला नको होतं. पण पाण्यात हात घातला की माझी बोटं वळत नाहीत. ते पांघरूणही म्हणून घरातून काढत होते. तुझं झालं की नवं शिवीन. हे तुझ्या डोळ्यांसमोर कशाला?"

मी काय बोलणार होते? ती दोरी मी थाओला अडवायला बांधली होती, आणि ह्या बाईला वाटत होतं की मी माझ्या गेलेल्या बाळासाठी बांधली. सात-आठ महिने आत दाबून ठेवलेलं दुःख सुनेनं शेवटी फाटकावर टांगलं, असं त्यांना वाटत होतं. खरं सांगायची वेळ होती ती. मी तोंड उघडलंही.

"मुलगा की मुलगी, माहीत नाही," मी म्हणाले. "फार लहान होतं."

त्यांनी मान हलवली. गाडी तिथेच सोडून त्या घरामागच्या उतारावर गेल्या आणि पाइनची एक डहाळी मोडून घेऊन आल्या. हात पुरेना, तेव्हा फाटकाच्या कडीवर पाय देऊन चढल्या आणि ती मिरच्यांच्या शेजारी खोवली. लिंबाकडे त्यांनी एकदा बघितलं आणि खाली उतरल्या.

"आत जा," त्या म्हणाल्या. "जमीन गार आहे. झोप."

त्या दिवसापासून मी बाळंतीण झाले. तिकडे घरांत जमिनीखालून ऊब खेळवतात, तशी जमीन तापवून त्यावर माझं अंथरूण घातलं गेलं. नळाला हात लावायचा नाही, वाऱ्यात जायचं नाही, कडक काही चावायचं नाही. शेवाळ त्या स्वतः धूत, रबरी हातमोजे घालून, बोटं वळत नसताना. दिवसातून तीनदा सूप. गावात काय बोलणं झालं असेल कोण जाणे, पण कुणी विचारायला आलं नाही. सकाळी फाटकाबाहेर सुक्या शेवाळाची जुडी ठेवलेली असायची. कुणी ठेवली कळायचं नाही. दोंगुकनंही काही विचारलं नाही. संध्याकाळी बागेतून आला की माझ्याजवळ बसायचा, एकदा माझे पाय दाबत बसला आणि रडला. वसंतात आम्ही दोघं रडलो नव्हतो.

आणि सासूबाई कुठेही जात नव्हत्या. दोरीच्या घरातून दुसऱ्याच्या घरी जायचं नसतं, असं त्यांनी सांगितलं. तीन आठवडे ही बाई सकाळ-संध्याकाळ माझी एकटीची. मासा सोलून चमच्यावर ठेवायच्या तर मी तो सावकाश खायची, तेवढाच वेळ त्या समोर बसाव्यात म्हणून. पोटात दुःख होतं, ते खरं होतं. सूप पिताना मी खरोखर रडत होते. पण डोळे पुसून झाले की मनात यायचं, बघ थाओ, आता कशी. हे दोन्ही एका वेळी एका माणसात राहू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

भिंतीपलीकडे बाळ रडायचं. आधी थोडं, मग दिवसभर. कधी थाओचा गाण्याचा आवाज यायचा, तिच्या भाषेतला, मग तोही थांबायचा. सासूबाई ऐकायच्या. एकदा त्या भाजी निवडता निवडता उठून भिंतीपर्यंत गेल्या, थांबल्या आणि परत येऊन बसल्या. मी ते पांघरुणाच्या आडून बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका दुपारी मी परसात ऊन खात बसले होते. भिंतीच्या पलीकडून कुणीतरी हळूच हाक मारली.

"ओन्नी."

ओन्नी म्हणजे ताई. थाओ मला पहिल्यापासून तसंच म्हणायची, आणि मी तिला नुसतं थाओ.

"काय?"

"ओमोनी माझ्यावर रागावल्यात का?"

"नाही."

"मग येत का नाहीत? मी काही चुकले का? त्या दिवशी मी रिकाम्या हातानं आले म्हणून का? आजोबा म्हणाले, काही न्यायचं नसतं." ती रडत होती, हे आवाजावरून कळत होतं. "बाळ दूध ओढत नाही नीट. मला कुणाला विचारायचं कळत नाही. ओन्नी, तू विचारशील का त्यांना?"

भिंत कमरेएवढीच होती. मी उठून उभी राहिले असते तर तिला बघता आलं असतं. मी बसूनच राहिले. "विचारते," म्हणाले.

आत सासूबाई चुलीशी होत्या. माझा वाडगा भरून ठेवला होता.

"थाओ रडतेय," मी म्हणाले. "बाळ दूध ओढत नाही. तुम्ही जाऊन या."

"दोरी आहे."

"मग मी दोरी काढते."

"बस खाली. आधी सूप संपव."

"ओमोनी, ती दोरी मी..."

"तुमच्याकडे ट्रकला बांधतात ती," सासूबाई म्हणाल्या. "माहीत आहे मला."

मी खाली बसले. त्या पळीनं पातेलं ढवळत होत्या.

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. बाळंतिणीच्या दोरीला लिंबू कुणी लावतं का? दोंगुकला विचारलं. तो म्हणाला, तिकडे सगळ्या ट्रकांना, दुकानांना असतं, कुणाची नजर लागू नये म्हणून. मग कुणाची नजर, हे कळायला मला काय वेळ लागतोय? त्या दिवशी ती पोर येणार होती. मी म्हातारी झालेय, पण आंधळी नाही झाले. रोज जेवताना तू कोबी कशी कापायचीस ते मी बघत होते."

माझे कान तापले. वाडग्याकडे बघत मी विचारलं, "रागावला नाहीत?"

"रागावले ना. पहिले दोन दिवस सुपात मीठच घातलं नव्हतं. तुला कळलं नाही?"

मला वाटलं होतं, बाळंतिणीचं सूप अळणीच असतं.

"मग काढून का टाकली नाहीत? हे सगळं तीन आठवडे... शेवाळ, अंथरूण, सगळं कशाला केलंत?"

त्यांनी पळी थांबवली.

"बाळ गेलं ते तर खरं ना?"

"हो."

"मग दोरी तू कशासाठी का बांधली असेनास," त्या म्हणाल्या. "मी ती त्याच्यासाठी ठेवली."

त्यांनी आणखी पळीभर सूप माझ्या वाडग्यात ओतलं आणि तो माझ्याकडे सरकवला.

"संपव. मग कोट घाल, दोघी जाऊ तिच्याकडे. दोरीला एक दिवस कमी पडला तर पडला. आणि तिथे मी त्या पोराला मांडीवर घेतलं की तोंड वाकडं करायचं नाही."

मी सूप संपवलं.